लाजराचा रविवार

जून महिन्यात लाइपझिगमधल्या लूथरन पाळकांची दरवर्षी पंचाईत होते. हवा सुंदर असते, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, निम्मं शहर सायकली काढून तळ्यांवर गेलेलं असतं. जी मोजकी मंडळी सकाळी चर्चमध्ये आलेली असतात त्यांच्याही डोक्यात दुपारच्या ग्रिलचे बेत. आणि नेमकं त्या दिवशी वाचायचं काय, तर लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय. जांभळी वस्त्रं घालून रोज मेजवान्या झोडणारा एक श्रीमंत. त्याच्या दाराशी पडलेला, फोडांनी भरलेला लाजर. फोड चाटणारी कुत्री. मग दोघंही मरतात. लाजर अब्राहामाच्या उराशी जातो, श्रीमंत ज्वाळांत. तिथून तो वर पाहून अब्राहामाला म्हणतो, लाजराला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे. अब्राहाम नाही म्हणतो, मधे मोठी दरी आहे. मग निदान माझ्या पाच भावांना सावध करायला तरी पाठवा. तेही नाही. त्यांच्यापाशी मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं त्यांनी ऐकावं.

गोष्ट अशीच संपते. कुणाला पाझर फुटत नाही, शेवटी कुणी सुधारत नाही. हे वाचून झाल्यावर बाहेर चिमण्या किलबिलत असताना पाळकाने पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच व्यासपीठावर, चढायचं आणि बोलायचं.

हा त्रैक्याच्या, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रिएक देवाच्या, सणानंतरचा पहिला रविवार. ईस्टर पुढेमागे सरकतो तसा तोही सरकतो, कधी मेअखेरीस येतो, बहुतेक वेळा जूनमध्ये. पण वाचन सरकत नाही. जर्मन लूथरन चर्चमध्ये वर्षातल्या प्रत्येक रविवाराला शुभवर्तमानातला एक उतारा बांधून दिलेला आहे, आणि यातले पुष्कळ उतारे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक लूथरने मध्ययुगीन चर्चकडून जसेच्या तसे घेतलेले आहेत. तेराव्या रविवारी चांगला शोमरोनी, चौदाव्याला दहा कुष्ठरोगी, पंधराव्याला आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं. त्रैक्यानंतरच्या या लांबलचक टापूत सण जवळजवळ नाहीत. रविवारांना नावंसुद्धा नाहीत, नुसते क्रमांक. त्याआधीच्या अर्ध्या वर्षात आगमनकाळ, नाताळ, दुःखसहनाचा काळ, पुनरुत्थान, पेंटेकॉस्ट अशी गर्दी असते. त्या काळातल्या रविवारांना लॅटिन नावंही आहेत : इन्वोकावित, ओकुली, लेतारे, कांताते. माझ्या गायनवृंदातल्या वयस्क बायका तारीख सांगत नाहीत. ‘कांतातेच्या आधी तालीम नाही’ म्हणतात. आपल्याकडच्या आज्या ‘आषाढीच्या आत वाळवणं उरकायची’ म्हणत, त्याच सहजतेने.

मी नगरची. आमच्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, अमेरिकन मराठी मिशनने उभारलेल्या. बॉस्टनहून आलेल्या त्या मिशनऱ्यांचे पूर्वज न्यू इंग्लंडचे प्युरिटन, म्हणजे कडक प्रॉटेस्टंट, ज्यांना चर्चचं हे वर्षचक्र म्हणजे पोपची मागे राहिलेली सावली वाटायची. त्यांनी नाताळसुद्धा पाळला नव्हता. नगरच्या ख्रिस्ती माणसाने ते अर्थातच मनावर घेतलं नाही, नाताळ आम्ही दणक्यात करतो. पण एरवीच्या रविवारी कुठल्या वचनावर संदेश द्यायचा हे पाळकसाहेब ठरवत. त्यामुळे माझ्या लहानपणी उधळ्या पुत्र वर्षातून तीनदा घरी परतायचा, चांगला मेंढपाळ दर दोन महिन्यांनी यायचा, आणि योहान तीन-सोळा, म्हणजे योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन, तर हाताशीच असायचं. लाजराची गोष्ट मला रविवारच्या शाळेतल्या चित्रामुळे ठाऊक होती. पुलपिटावरून ती ऐकल्याचं आठवत नाही.

या फरकाचं मूळ खूप मागे जातं. १ जानेवारी १५१९ ला झुरिकमध्ये स्विस धर्मसुधारक त्स्विंग्लीने चर्चने नेमलेली वाचनं बाजूला ठेवली आणि मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून सलग सांगायला सुरुवात केली. जिनिव्हातून हाकललेला धर्मसुधारक कॅल्विन १५४१ मध्ये परत आला तेव्हा १५३८ मध्ये जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या वचनापासून त्याने उपदेश पुढे चालू केला. मधल्या तीन वर्षांबद्दल चकार शब्द नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. एवढा ताठा कमवायला लागतो. आमची नगरची परंपरा या घराण्यातली, फक्त सलग वाचण्याची शिस्त वाटेत कुठेतरी गळाली आणि निवडीचं स्वातंत्र्य तेवढं उरलं.

लूथरने मात्र जुनी वाचनं ठेवली. डोळे झाकून नव्हे. १५२३ मध्ये उपासनेची मांडणी लिहिताना त्याने तक्रार केली आहे की नव्या करारातल्या पत्रांमधले उतारे ज्याने निवडले तो कुणी भलताच अडाणी आणि कर्मांचा अंधभक्त असावा. कारण पौलाच्या पत्रांतला नीतिबोध तेवढा उचललेला आणि विश्वासाबद्दलचा गाभा सोडलेला. तरी १५२६ च्या जर्मन उपासनेत त्याने रविवारची वाचनं कायम केली. कारण व्यवहारी होतं. अख्खं पुस्तक पेलून सांगू शकणारे उपदेशक थोडे. बाकीच्यांना मोकळं सोडलं तर जो तो मनाला येईल ते बोलेल आणि शुभवर्तमानाऐवजी लोकांना पुन्हा निळ्या बदकांच्या गोष्टी ऐकाव्या लागतील. निळी बदकं, म्हणजे थापा, हा त्याचाच शब्द. सगळी पुस्तकंही त्याने टाकून दिली नाहीत, त्यांना आठवड्यातले इतर वार दिले. विटेनबर्गमध्ये रविवारी पहाटे पत्रातला उतारा, मुख्य उपासनेत शुभवर्तमान, दुपारी जुना करार. सोमवार-मंगळवार धर्मशिक्षण, बुधवारी मत्तय, शनिवारी दुपारी योहान. आज जर्मनीत रविवारचा पाऊण-एक तास लोकांना जड जातो. तेव्हाही फार वेगळं नसावं, कारण १५३० च्या सुरुवातीला लोक ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणून चिडून लूथरने विटेनबर्गमध्ये उपदेश करणं जवळजवळ बंद केलं होतं. उपदेशकाचा संप!

ज्यांना उपदेश जमत नाही त्यांच्यासाठी त्याने पोस्टिल लिहिलं. पोस्टिल म्हणजे वर्षभराच्या वाचनांवरचे उपदेश क्रमाने बांधलेलं पुस्तक. पाळकाने ते पुलपिटावरून सरळ वाचून दाखवलं तरी चालेल अशा हेतूने लिहिलेलं. त्यातला नाताळचा भाग वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून बसलेला असताना लिहिला गेला आणि १५२२ मध्ये छापला गेला, म्हणजे नव्या कराराचं जर्मन भाषांतर चालू होतं त्याच सुमारास. गंमत म्हणजे त्याच पोस्टिलमध्ये मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायावर लिहिताना तो म्हणतो, चर्च हे तोंडाचं घर आहे, लेखणीचं नाही. शुभवर्तमान ही मुळात बोलायची आणि कानांनी ऐकायची बातमी. आणि हे तो शेकडो पानांच्या छापील पुस्तकात सांगतो आहे. पुढे पोस्टिलं इतकी रुजली की आइसलँडच्या शेतघरांमध्ये बिशप विदालिन यांचं पोस्टिल पिढ्यान्‌पिढ्या घरीच मोठ्याने वाचलं जाई. चर्चपर्यंत पोहोचणं बर्फामुळे अवघड असे तेव्हा तर जास्तच.

लाजराच्या उताऱ्यावर लूथर काय म्हणतो हे मी मुद्दाम शोधून वाचलं. थोडी निराशा झाली. त्याचा रोख असा की श्रीमंताला त्याच्या पैशासाठी शिक्षा झाली नाही, अविश्वासासाठी झाली. बाहेरून तो सभ्य, प्रतिष्ठित माणूस होता, आत देवावर भरवसा नव्हता म्हणून शेजाऱ्यावर प्रेम नव्हतं. आणि लाजर गरिबीमुळे तरला नाही, विश्वासामुळे तरला. आपल्या कर्मांनी स्वर्ग विकत घेता येत नाही ही त्याची आयुष्यभराची लढाई, म्हणून इथेही तो तीच खिंड लढवतो. तर्क बिनतोड आहे. पण ऐकणाऱ्या सावकाराला केवढी सुटका! माझ्यापाशी विश्वास आहे, चला, जेवायला बसू. लूथरला हा धोका कळत नव्हता असं नाही. नाताळच्या एका उपदेशात तो लोकांना सुनावतो, तुम्ही म्हणता मी त्या रात्री बेथलेहेमात असतो तर बाळाचे कपडे धुऊन दिले असते. मग आज शेजाऱ्याचे का धूत नाही, तो शेजारी म्हणजेच ख्रिस्त. हा नाताळचा लूथर लाजराच्या रविवारी असायला हवा होता असं मला वाटतं.

पण नेमलेल्या वाचनाची हीच तर मौज आहे. एका उपदेशकाच्या हातून जे निसटतं त्यासाठी उतारा पुढच्या वर्षी परत येतो. या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा लाइपझिगमध्येच आहे आणि तो ऐकता येतो.

३० मे १७२३ चा रविवार हा त्रैक्यानंतरचा पहिला रविवार होता. संगीतकार योहान सेबास्टियन बाख नुकताच शहराचा कँटर, म्हणजे चर्चसंगीताचा प्रमुख, म्हणून रुजू झाला होता आणि त्या दिवशी निकोलाई चर्चमध्ये त्याचा या नोकरीतला पहिला कँटाटा, म्हणजे गायक आणि वादकांसाठी रचलेली गीतमालिका, झाला. म्हणजे नव्या नोकरीची सुरुवातच लाजराने. त्या काळी मुख्य उपासना सकाळी सातला सुरू होई आणि तीन-चार तास चाले. शुभवर्तमान गाऊन वाचलं जाई, त्यानंतर कँटाटा, मग विश्वासांगिकार, मग तासभराचा उपदेश. कँटाटा मोठा असला तर दुसरा भाग उपदेशानंतर. त्याचे शब्द छापलेल्या पुस्तिका विकत मिळत. म्हणजे संगीत हा करमणुकीचा तुकडा नव्हता. वाचलेल्या उताऱ्यावरचा तो पहिला उपदेश होता, पाळक तोंड उघडायच्या आधी झालेला. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे. ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या पहिल्या कँटाट्याचे सुरुवातीचे शब्द बाविसाव्या स्तोत्रातले आहेत : दीन लोक जेवून तृप्त होतील. गंभीर, संथ सुरुवात. मग बास, म्हणजे खर्जातला पुरुषी आवाज, विचारतो की जांभळ्या वस्त्रांचा थाट नाहीसाच होणार, तर त्याचा उपयोग काय. पुढे हळूहळू सगळं शांत समाधानाकडे जातं, आणि दोन्ही भागांच्या शेवटी तेच गीत येतं : देव जे करतो ते बरंच करतो. सुंदर आहे. नव्या कँटरने शहरातल्या धनिक व्यापाऱ्यांसमोर पहिल्याच दिवशी आगाऊपणा केला नाही असंही म्हणता येईल.

११ जून १७२४. पुन्हा तोच रविवार, तोच उतारा. या वेळी बाखने गीतकार योहान रिस्टचं गीत घेतलं, अनंतकाळाला मेघगर्जना म्हणणारं. लाजर जवळजवळ दिसेनासा होतो. उरते ती ज्वाळांतल्या माणसाची बाजू : न संपणारा काळ. सुरुवातीचा भाग फ्रेंच दरबारी थाटाच्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे प्रारंभसंगीतात, बांधलेला, राजा आत येताना वाजावा तसा, फक्त आत येतोय तो अनंतकाळ. मधेच स्वर अडखळून थांबतात, पुन्हा सुरू होतात. दुसऱ्या भागाच्या तोंडाशी तुतारी फुंकत बास ओरडतो, जागे व्हा, हरवलेल्या मेंढरांनो. आमच्या वृंदाने यातली गीताची कडवी बसवली होती तेव्हा शेजारच्या बाईंनी मान हलवून म्हटलं, भीती घालून माणूस सुधारला असता तर पूर्व जर्मनी स्वर्ग झाला असता. त्या आयुष्यभर इथेच, म्हणजे एके काळच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतच, राहिलेल्या. त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

तिसरा कँटाटा २३ जून १७२६ चा, आणि माझ्या मते या तिघांत तोच खरा. शब्द यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातले : आपली भाकर भुकेल्याला मोडून दे, बेघरांना घरात घे, उघडा दिसला तर त्याला पांघरूण घाल. सुरुवातीला बासरी, ओबो आणि तंतुवाद्यं एकेक सुटा स्वर टाकत जातात. कुणाला त्यात भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येतो, कुणाला लंगडत, आधार घेत येणाऱ्यांची पावलं. दोन्ही ऐकू येतात. इथे नरक नाही, अनंतकाळाची गर्जना नाही, आणि ‘देव करतो ते बरंच’ हे समाधानही नाही. गोष्टीतल्या श्रीमंताने जे केलं नाही तेवढंच सांगितलं आहे, आज्ञार्थात. लूथरने बंद केलेली खिडकी दोनशे वर्षांनी त्याच्याच चर्चमध्ये त्याच रविवारी उघडली गेली, तीही यशयाने, म्हणजे गोष्टीतला अब्राहाम ज्यांचं ऐका म्हणतो त्या संदेष्ट्यांपैकी एकाने. ही जुळवणी ज्याने केली त्याने उतारा नीट वाचला होता.

तीन वर्षांच्या अंतरात तीन उपदेश. समाधान, भीती, भाकरी. एकदाच संधी मिळाली असती तर बाखने यातलं कोणतं ठेवलं असतं? प्रश्न फजूल आहे, पण या प्रश्नामुळे मला उपदेशकाच्या खांद्यावरचं ओझं समजलं. वचन स्वतः निवडणाऱ्या पाळकाला त्या दिवशी सगळं सांगावं लागतं, कारण तो उतारा त्याच्या हातून पुन्हा कधी निघेल कोण जाणे. नेमलेल्या वाचनावर बोलणाऱ्याला अर्धवट सोडायची मुभा असते. १५४६ च्या फेब्रुवारीत आइस्लेबेनमध्ये लूथर शेवटचा उपदेश करत होता, मत्तयाच्या अकराव्या अध्यायावर. या शुभवर्तमानाबद्दल अजून पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण मी फार अशक्त आहे, इथेच राहू द्या, असं म्हणून तो थांबला. काही दिवसांतच गेला. एवढ्या बडबड्या माणसाला मधेच थांबणं जमलं ते उतारा आपल्या मालकीचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं म्हणून, असं मी मानते.

अर्थात जे दरवर्षी परत येतं ते विषही असू शकतं. त्रैक्यानंतरच्या दहाव्या रविवारी जुनं वाचन होतं येशू यरुशलेमकडे पाहून रडतो ते. लूथरन चर्चमध्ये त्या दिवशी यरुशलेमच्या विध्वंसाची हकिगतही वाचून दाखवत. प्राचीन यहुदी इतिहासकार जोसेफसच्या इतिहासावरून लूथरचा सहकारी बुगेनहागेन याने तयार केलेली ती हकिगत बाखच्या लाइपझिगमध्येही वाचली जाई. शतकानुशतकं, दर उन्हाळ्यात, लोकांना सांगितलं गेलं की पाहा, यहुद्यांचं काय झालं आणि का झालं. रडणारा येशू विसरला गेला, विध्वंसाचं समर्थन लक्षात राहिलं. विटेनबर्गच्या ज्या शहर चर्चमध्ये लूथरने उपदेश केले तिथे आत चित्रकार क्रानाखचं १५४७ चं वेदीचित्र आहे. एका टोकाला पुलपिटावर लूथर, दुसऱ्या टोकाला मंडळी, मधे फक्त क्रुसावरचा ख्रिस्त, आणि लूथरचं बोट त्याच्याकडे. उपदेश म्हणजे काय याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि त्याच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर उंचावर यहुद्यांची विटंबना करणारं तेराव्या शतकातलं डुकरिणीचं शिल्प आहे. १५४३ मध्ये लूथरने आपल्या लिखाणात त्याचा आनंदाने दाखला दिला. १९८८ मध्ये त्याच्याखाली स्मृतिफलक बसवला गेला आणि २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने शिल्प काढण्याची मागणी फेटाळली. मला विचाराल तर ते संग्रहालयात हवं. आतलं बोट आणि बाहेरचं डुक्कर यांच्यामध्ये एक भिंत आहे फक्त.

आता दहाव्या रविवारी मुख्य वाचन मार्कच्या बाराव्या अध्यायातलं आहे. एक शास्त्री येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारतो, येशू उत्तर देतो, शास्त्री म्हणतो बरोबर बोललात, आणि दोघांचं एकमत होतं. शुभवर्तमानात हे इतकं दुर्मीळ दृश्य आहे की ते या रविवारासाठी आधीच कुणी का नेमलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. जुनं वाचन पर्याय म्हणून शिल्लक आहे, त्या दिवशी वेदीवर जांभळं वस्त्र घालायचं, पश्चात्तापाचं. म्हणजे ही यादी दगडावर कोरलेली नाही. ती दुरुस्त होते, फक्त फार सावकाश.

शेवटची मोठी दुरुस्ती २०१८ च्या आगमनाच्या पहिल्या रविवारी लागू झाली. कॅथलिकांनी १९६९ मध्ये तीन वर्षांचं चक्र स्वीकारलं, मत्तय, मार्क, लूक असं पाळीपाळीने, आणि अमेरिकेतले बहुतेक लूथरन त्याच वाटेने गेले. त्यात बायबल जास्त ऐकायला मिळतं हे खरंच. जर्मन लूथरनांनी मात्र शुभवर्तमानाचं वाचन दरवर्षी तेच ठेवलं आणि उपदेशाचं वचन तेवढं सहा वर्षांच्या चक्रात फिरतं केलं. नव्या यादीत जुन्या कराराचा वाटा वाढवून सुमारे एक तृतीयांश केला. हिशेब क्लिष्ट वाटतो, पण त्याचा परिणाम गमतीदार होतो. २०२० च्या लाजराच्या रविवारी उपदेशाचं वचन होतं प्रेषितांच्या कृत्यांतलं, पहिल्या मंडळीत कुणी काही आपलं म्हणत नव्हतं, सगळं सामाईक होतं. कोरोनामुळे आम्हाला गायला मनाई, एकेक बाक सोडून बसलेलो, आणि सामाईक मालमत्तेवर उपदेश. पूर्व जर्मनीत! पाळकबाईंनी पहिल्याच वाक्यात हसू ओढवून घेतलं आणि मग बराच वेळ कुणी हसलं नाही. २०२१ मध्ये योना, म्हणजे पाठवला तिकडे न जाणारा निरोप्या. अधोलोकातला श्रीमंत निरोप्या मागतो आणि इथे निरोप्याच पळून चाललाय, हे शेजारी ठेवल्याशिवाय कुणाला सुचलं असतं?

२०२२ मध्ये लाजर स्वतः उपदेशाचं वचन म्हणून आला. पाळकबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ज्वाळांत पडल्यावरही तो श्रीमंत लाजराशी थेट बोलत नाही. अब्राहामाला सांगतो, याला पाठव, त्याला पाठव. मेल्यावरसुद्धा लाजर त्याच्या लेखी कामाला पाठवायचा गडीच. दुसरी, आपण स्वतःला श्रीमंत समजून घाबरतो किंवा लाजर समजून सुखावतो, पण आपली जागा गोष्टीत वेगळीच आहे. आपण ते पाच भाऊ. अजून जिवंत, अजून बापाच्या घरी, मोशे आणि संदेष्टे कपाटात ठेवलेले. बारा-तेरा मिनिटांत संपलं. लूथरन उपदेशाची जुनी रीत आधी नियमशास्त्राने माणसाला कोपऱ्यात गाठायची आणि मग कृपेने सोडवायची. बाईंनी सोडवलं, पण घाई केली नाही.

त्या दुपारी गायनवृंदाचं ग्रिल होतं, बागेत. इथे बिअरच्या रिकाम्या बाटलीचे आठ सेंट परत मिळतात, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे आणि पेयाच्या कॅनचे पंचवीस. ते गोळा करणारी माणसं उन्हाळ्यात बागांमधून फिरत असतात, बरीचशी पेन्शनीतली, नीटनेटक्या कपड्यांतली. हातात टॉर्च, कचऱ्याच्या डब्यात डोकावण्यासाठी. सभ्य रिवाज असा की बाटली डब्यात न टाकता बाजूला उभी करून ठेवायची. आम्हीही ठेवल्या. एक आजोबा आले, बाटल्या पिशवीत भरल्या. आणि आमच्यातल्या एका टेनर गायकाने, जो एरवी उपदेशात हमखास पेंगतो, त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, सॉसेज घेणार की चीज? ते बसले, खाल्लं, हवेबद्दल बोलले, बाटल्या घेऊन गेले. काही झालं नाही. त्यांचं नाव मात्र आमच्यातल्या कुणीच विचारलं नाही. गोष्टीत नाव आहे ते लाजराला, श्रीमंताला नाही, तर आमचं निम्मंच जमलं.

आई दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न विचारते तो ‘आज वचन कोणतं होतं?’ जेवलीस का, हा दुसरा. तिला इथली पद्धत मी समजावून सांगितली आहे आणि तिला ती पटलेली नाही. ‘पाळकाला आपल्या लोकांकडे बघून वचन काढता यायला नको का?’ ती म्हणते. ‘शनिवारी एखाद्या घरात माती झालेली असते. पाऊस नसतो, गुरं छावणीत असतात, आणि रविवारी पाळक उभा राहून सांगणार की आकाशातली पाखरं पाहा, ती पेरीत नाहीत की कापीत नाहीत? लोक उठून जातील.’ तिच्या म्हणण्यात वजन आहे. नगरच्या पाळकाला कोणाच्या घरी काय शिजतंय ते माहीत असतं, वचन निवडणं हा त्याच्या भेटीगाठींचाच भाग असतो. इथे लोक पाळकाला दवाखान्यातली बातमीसुद्धा ईमेलने कळवतात. मी म्हटलं, लोकांकडे बघून निवडणारा पाळक लोकांमधल्या देणगीदारांकडेही बघतो, म्हणून तर लाजर आपल्याकडे कधी आला नाही. त्यावर आई म्हणाली, ‘तुमच्याकडे दरवर्षी येतो, मग तुमच्याकडचे गरीब संपले का?’

मी विषय बदलला. पुढच्या रविवारी काय आहे, तिने विचारलं. पुढच्या रविवारी लूकचा चौदावा अध्याय, मोठ्या मेजवानीचा दाखला. आमंत्रण दिलेले सगळे सबबी सांगतात. एकाने शेत घेतलंय ते पाहायला जायचंय, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. गायनवृंदाच्या व्हॉट्सअॅप गटावर तोवर सहा निरोप येऊन पडले होते. दोघं बाल्टिक समुद्रावर चालले होते, एकाच्या बागेतल्या शेडचं छप्पर घालायचं होतं, एकीच्या भाचीचं लग्न. अल्टो आवाजाच्या गायिकांमध्ये मी आणि त्या मान हलवणाऱ्या बाई, दोघीच उरलो होतो.